नियमशास्त्र कशासाठी? ख्रिस्ती विश्वासातल्या त्याच्या स्थानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने होते, असे आपण ऐकतो आणि मानतो. मग निर्गम किंवा लेवीय उघडले की पानेच्या पाने आज्ञा समोर येतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच देवाने सांगितल्या यावर विश्वास कसा ठेवायचा, असा प्रश्न पडतो. नव्याने विश्वासात आलेले विचारतात, तसेच वर्षानुवर्षे बायबल वाचणारेही विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

नियमशास्त्र म्हणजे बायबलचा नेमका कोणता भाग?

सर्वसाधारणपणे पहिली पाच पुस्तके: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. काही वेळा फक्त सीनाय पर्वतापाशी मोशेच्या हातून इस्राएलाला मिळालेल्या आज्ञा अभिप्रेत असतात. यहूदी परंपरेत या आज्ञा ६१३ धरल्या जातात; त्यांपैकी २४८ ‘हे कर’ सांगणाऱ्या आणि ३६५ ‘हे करू नको’ सांगणाऱ्या. नव्या करारातली बरीच पत्रे लिहिणारा प्रेषित पौल हा शब्द आणखी सैलपणे वापरतो. रोमकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात तो स्तोत्रे आणि यशया यांतली वचने एकापाठोपाठ देतो आणि लगेच म्हणतो की नियमशास्त्र हे असे सांगते. त्यामुळे कोणतेही वचन वाचताना इथे नियमशास्त्र म्हणजे काय, हे आधी पाहावे. निम्मे वाद तिथेच मिटतात.

देवाने नियमशास्त्र दिलेच कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आज्ञांच्या यादीत शोधण्याआधी ती यादी कुठे येते ते पाहा. दहा आज्ञा निर्गमाच्या २०व्या अध्यायात आहेत. त्याआधी उत्पत्तीचे ५० अध्याय होऊन गेलेले असतात. इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याला देवाचे वचन मिळालेले असते. मिसरातून सुटकेच्या रात्रीचे वल्हांडणाचे कोकरू निर्गमाच्या १२व्या अध्यायात येते, समुद्र १४व्यात दुभंगतो, मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, १६व्यात मिळतो, खडकातून पाणी १७व्यात निघते. सीनायपाशी पोचलेले लोक आधीच सुटलेले, खाऊ-पिऊ घातलेले, उचलून आणलेले लोक आहेत. आणि पहिल्या आज्ञेच्याही आधी देव आपली ओळख करून देतो: मी परमेश्वर तुझा देव, तुला मिसराच्या दास्यातून बाहेर आणणारा. ‘या दहा आज्ञा पाळा, मग तुम्हांला सोडवीन’ असे तो कुठेही म्हणत नाही.

हा क्रम हाताशी धरला तर बाकीचे बरेच काही उलगडते. तो उलटा केला तर संपूर्ण बायबल उलटे वाचले जाते. दत्तक घेतलेले मूल आधी घरात येते, त्याला आडनाव मिळते, मग घराची रीत शिकवली जाते. रीत नीट पाळली म्हणून कोणी त्याला दत्तक घेतलेले नसते. अनुवादाच्या ७व्या अध्यायात मोशे इस्राएलाला हेच बजावतो: तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून देवाने तुम्हांला निवडले नाही, तुमच्यावर प्रीती होती म्हणून निवडले.

आता हेतू. पहिला, या लोकांना वेगळे करून त्यांच्या जगण्यातून इतर राष्ट्रांना देव दिसावा. निर्गम १९:६ मध्ये त्यांना ‘याजकराज्य’ म्हटले आहे. दुसरा, देवाचा स्वभाव कळावा. कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचे (लेवीय १९), गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्ताआधी गरिबाला परत करायचे कारण तो दुसरे काय पांघरणार (निर्गम २२), मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यायची कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो (अनुवाद २४), नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधायचा म्हणजे कोणी पडून मरणार नाही (अनुवाद २२). या आज्ञा सावकाश वाचा. पांघरुणावाचून कुडकुडणाऱ्या माणसाची काळजी ज्याला आहे, तो देव कसा असेल ते कळत जाते. नियमशास्त्राला रुक्ष म्हणणाऱ्यांनी ही पाने बहुधा वाचलेली नसतात. स्तोत्र ११९ तब्बल १७६ ओव्यांचे आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ओवीत देवाच्या आज्ञांविषयीचा आनंद आहे, तो उगाच नाही.

तिसरा हेतू पापाची ओळख करून देण्याचा आणि चौथा ख्रिस्ताकडे नेण्याचा. त्यांच्याबद्दल पुढे आहेच.

आज्ञा पाळून तारण मिळू शकते का?

नाही. पौल रोमकरांस ३:२० मध्ये सांगतो की नियमशास्त्राच्या कृत्यांनी कोणीही देवासमोर नीतिमान ठरणार नाही. नियमशास्त्राने पापाची जाणीव होते. गलतीकरांना तो कालगणनेतून समजावतो. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, ही गोष्ट नियमशास्त्राच्या ४३० वर्षे आधीची. नंतर आलेली गोष्ट आधी दिलेले वचन मोडू शकत नाही. मग नियमशास्त्र आले कशाला, असे तो स्वतःच विचारतो आणि उत्तर देतो: ख्रिस्त येईपर्यंत ते बालरक्षक होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलावर लक्ष ठेवायला, त्याला शाळेत ने-आण करायला एक दास असे. मूल त्याच्या धाकात राही, पण वारसा मिळायचा तो बापाकडून.

जे पाळता येणार नाही ते पाळायला सांगणे हा अन्याय नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि तो झटकून टाकू नये.

आज्ञांपैकी एकही मुळात अशक्य नाही. खोटी साक्ष देऊ नको, आईबापांचा मान राख, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको. यांत माणसाच्या कुवतीबाहेरचे काय आहे? अडचण आज्ञेत नसून पाळणाऱ्याच्या मनात आहे. रोमकरांस ७मध्ये पौल दहावी आज्ञा पुढे करतो. चोरी, खून, व्यभिचार या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी. त्यांत तो स्वतःला सांभाळून असेल. पण ‘लोभ धरू नको’ ही आज्ञा आत शिरते आणि तिथे तो हरतो. आज्ञा ऐकल्यावर लोभ उलट चाळवतो, हेही तो लपवत नाही. तरीही त्याच अध्यायात, १२व्या वचनात, नियमशास्त्र पवित्र, न्याय्य आणि उत्तम आहे असे तो ठामपणे म्हणतो.

शिवाय नियमशास्त्राच्या पोटातच अपयशाची सोय आहे. लेवीय पुस्तक यज्ञांनी सुरू होते आणि त्याच्या १६व्या अध्यायात वर्षातून एकदा सर्व लोकांच्या पापांसाठी प्रायश्चित्ताचा दिवस नेमला आहे. लोक चुकणार हे देणाऱ्याला ठाऊक होते. ज्या हाताने आज्ञा दिली त्याच हाताने क्षमेची वाट दिली.

येशूने नियमशास्त्र रद्द केले का?

मत्तय ५:१७ मध्ये तो स्वतः सांगतो की मी रद्द करायला नव्हे तर पूर्ण करायला आलो आहे. यात निदान तीन गोष्टी आल्या. त्याने ते पाळले. त्याच्या आयुष्यात आज्ञाभंग सापडत नाही. त्याने त्याचा खरा अर्थ उघड केला: खुनाच्या मुळाशी असलेला राग आणि व्यभिचाराच्या मुळाशी असलेली वासनेची नजर त्याने आज्ञेच्या कक्षेत आणली. आणि यज्ञ, याजक, वल्हांडणाचे कोकरू ज्याच्याकडे बोट दाखवत होते ते वधस्तंभावर त्याच्यात पुरे झाले. इब्री लोकांस पत्र १०:१ त्या विधींना येणाऱ्या चांगल्या गोष्टींची छाया म्हणते.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नावर येशूने दिलेली दोन्ही उत्तरेही नियमशास्त्रातलीच आहेत. देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, हे अनुवाद ६:५ आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे लेवीय १९:१८. ‘जुना करार न्यायाचा आणि नवा प्रीतीचा’ असे सरसकट म्हणणाऱ्यांना ही दुसरी आज्ञा लेवीयात आहे हे बहुधा माहीत नसते. दुसऱ्या शतकात मार्किओन नावाच्या शिक्षकाने जुना करार आणि त्याचा देवच टाकून द्यायचा प्रयत्न केला. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले, आणि बरे केले.

‘नियमशास्त्राचे तीन उपयोग’ म्हणजे काय?

ही सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळातली मांडणी. एक, समाजात दुष्टाईला आळा घालणे. दोन, माणसाला त्याचे पाप दाखवून ख्रिस्ताकडे वळवणे. तीन, विश्वासणाऱ्याला देवाला आवडणारे जीवन कसे असते ते शिकवणे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा भर दुसऱ्यावर होता. दुसरा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने तिसऱ्याला मुख्य उपयोग म्हटले.

मतभेद तेव्हाही होते. ल्यूथरचाच सहकारी योहान आग्रिकोला याचे म्हणणे होते की पश्चात्ताप सुवार्तेने घडतो, मंडळीत नियमशास्त्राचा उपदेश नकोच. १५३७ पासून ल्यूथरने त्याच्याविरुद्ध जाहीर वादविवाद केले. पुढे १५७७ च्या ‘एकमताचे सूत्र’ (Formula of Concord) या लूथरन विश्वासविधानाने तिसऱ्या उपयोगाला स्वतंत्र कलम दिले.

मला या सर्वांत हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी (१५६३) या विश्वास शिकवणाऱ्या पुस्तिकेची रचना सर्वांत बोलकी वाटते. तिचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. पहिल्या भागात विचारले आहे की तुला आपली दुर्दशा कशावरून कळते, आणि उत्तर आहे देवाच्या नियमशास्त्रावरून. पण दहा आज्ञांचे एकेक करून विवेचन तिथे नाही. ते तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली आहे. निर्गमाचाच क्रम पुन्हा.

मग ख्रिस्ती लोक काही आज्ञा पाळतात आणि काही सोडतात, ही सोयीची निवड नाही का?

हा आरोप नेहमी होतो. डुकराचे मांस चालते, मिश्र धाग्यांचे कापड चालते, सुंता लागत नाही, मग व्यभिचाराची आज्ञाच कशी टिकली?

निवड आपण केलेली नाही. मार्क ७मध्ये येशू सांगतो की बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला विटाळवत नाही, आणि त्याने सर्व अन्ने शुद्ध ठरवली असे शुभवर्तमानकार तिथेच नोंदवतो. प्रेषितांची कृत्ये १०मध्ये प्रेषित पेत्राला सर्व प्रकारच्या प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टान्त होतो आणि तो कैसरियात कर्नेल्य या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, शताधिपतीच्या घरी जातो. यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली भिंत पडली होती, म्हणून ती भिंत राखणाऱ्या आज्ञांचे काम संपले. मग इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली (कृत्ये १५). परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे का, यावर बराच वाद झाला आणि ‘नाही’ असा निर्णय झाला. त्याच निर्णयात जारकर्मापासून दूर राहा हे मात्र बजावले. म्हणजे पहिल्या पिढीनेच, डोळे उघडे ठेवून, हा भेद केला.

तेराव्या शतकात धर्मपंडित थोमास अक्विनास याने आज्ञांचे तीन वर्ग मांडले: नैतिक, विधींविषयी आणि न्यायव्यवहाराविषयी. १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर कबुली या इंग्लंडातल्या विश्वासविधानानेही तीच वाट धरली. नैतिक आज्ञा कायमच्या. विधी ख्रिस्तात पूर्ण झाले. न्यायव्यवहाराचे नियम इस्राएल राष्ट्राबरोबर संपले, पण त्यांतले न्यायाचे तत्त्व उरले.

ही विभागणी कामाची आहे, पण तिला बायबलच्या वर बसवू नये. लेवीय १९ मध्ये शेजारप्रीतीच्या पुढच्याच वचनात मिश्र कापडाची आज्ञा येते. मजकूर असे कप्पे करून लिहिलेला नाही. मी तरी प्रत्येक आज्ञेला असे विचारणे पसंत करतो: ख्रिस्त आल्यानंतर हिचे काय झाले? पौल हेच करतो. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, ही अनुवाद २५:४ ची आज्ञा. तिच्यातून तो सुवार्तिकाला त्याच्या श्रमाचे पोट भरण्याइतके मिळाले पाहिजे हे तत्त्व काढतो (१ करिंथ ९). आज्ञा बैलाची, पण श्रमणाऱ्याला उपाशी ठेवू नये हा तिचा जीव आजही तसाच आहे.

शब्बाथाचे काय?

शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस. इथे प्रामाणिक ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. बहुसंख्य मंडळ्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी एकत्र जमतात. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात. कोणी रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ मानतात, तर कोणी कलस्सै २:१६-१७ च्या आधारे शब्बाथ हीही छायाच होती असे म्हणतात. रोमकरांस १४:५ मध्ये पौल दिवसांबाबत प्रत्येकाची आपल्या मनाशी खात्री असू द्या म्हणतो, तेव्हा यावरून एकमेकांना दोषी ठरवू नये. पण अनुवाद ५ मधले कारण विसरू नका: तू मिसरात दास होतास, म्हणून तुझ्या दासालाही विसावा मिळू दे. जो स्वतः विश्रांती घेतो आणि हाताखालच्यांना राबवून घेतो, त्याने ही आज्ञा कोणत्याच दिवशी पाळलेली नाही.

‘डोळ्याबद्दल डोळा’ क्रूर नाही का?

ही सूडाला घातलेली मर्यादा आहे: एका डोळ्याबद्दल एकच, त्याहून जास्त नाही. प्राचीन बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत उच्चवर्गीयाचा डोळा फोडला तर डोळा, सामान्याचा फोडला तर चांदी, असा दर्जाप्रमाणे फरक होता. लेवीय २४ मध्ये हाच नियम सांगून लगेच परक्याला आणि स्वदेशीयाला एकच कायदा असावा असे म्हटले आहे. येशू मत्तय ५मध्ये आणखी पुढे जातो: खासगी आयुष्यात हा हिशेबच मागू नका.

दासांविषयीचे आणि सूटचिठ्ठीचे (घटस्फोटाचे) नियम कसे स्वीकारायचे?

हे वाचताना त्रास होतो आणि व्हायलाच हवा. निर्गम २१:२१ मध्ये दासाला धन्याचे ‘धन’ म्हटले आहे. ते गोड करून सांगता येत नाही. त्याच अध्यायात माणूस चोरून विकणाऱ्याला मरणदंड आहे, धन्याने दासाचा डोळा किंवा दात फोडला तर दास मोकळा होतो, आणि अनुवाद २३ पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती देण्यास मनाई करते. पण तेवढ्याने प्रश्न पुरता सुटत नाही.

किल्ली येशूने दिली आहे. मत्तय १९:८ मध्ये तो सूटचिठ्ठीविषयी म्हणतो की मोशेने ती तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे दिली, आरंभापासून असे नव्हते. म्हणजे नियमशास्त्रातली प्रत्येक तरतूद देवाचे अंतिम स्वप्न नव्हे. काही तरतुदी बिघडलेल्या जगात नुकसान आवरण्यासाठी आहेत. अशा जागी उत्पत्ती १ आणि २ कडे, देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाकडे, मागे जायला येशूच शिकवतो. जे लोक या नियमांच्या आधाराने गुलामगिरीचे समर्थन करत आले त्यांनी नेमके हेच केले नाही.

यहूदी लोक कर्मांनी तारण शोधत होते आणि आपण विश्वासाने, हे बरोबर आहे का?

फार ढोबळ आहे, आणि त्यातून यहूदी लोकांविषयी अनेक शतके अन्यायाचे बोलले गेले. देवाने आधी कृपेने करार केला आणि आज्ञापालन हे त्या करारातले जगणे, ही समज यहूदी लिखाणात ठळक आहे. येशू, पौल आणि पेत्र हे सगळे यहूदीच. पौलाचा वाद होता तो ख्रिस्त आल्यावरही सुंता आणि आज्ञापालन यांना देवाच्या घराचे दार करणाऱ्यांशी. स्वतःच्या चांगुलपणाची ऐट मिरवणे हा रोग सर्व माणसांचा आहे, मंडळीतल्यांचाही.

पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कृत्यांनी. कोण खरे?

माणूस नीतिमान कशाने ठरतो, हा इथला प्रश्न, आणि याकोब म्हणजे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा लेखक. दोघेही खरे. पौल मूळ विचारतो, याकोब फळ विचारतो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात: पौल उत्पत्ती १५ मधला, विश्वास ठेवल्याचा, याकोब उत्पत्ती २२ मधला, पुत्राला वेदीवर ठेवल्याचा. मधे बरीच वर्षे गेली आहेत.

क्षमा मिळणारच आहे, मग पाप केले तर काय बिघडले?

रोमकरांस ६ची सुरुवातच या प्रश्नाने होते आणि पौलाचे उत्तर आहे, कधीच नाही! जे पापाला मेले ते त्यात कसे राहतील? यिर्मया ३१ मध्ये देवाने नव्या कराराचे वचन दिले तेव्हा नियमशास्त्र पुसून टाकीन असे म्हटले नाही; ते लोकांच्या हृदयावर लिहीन असे म्हटले. दगडाच्या पाट्यांवरून ते आत आले. यहेज्केल ३६ सांगतो की देव आपला आत्मा आत घालून लोकांना आपल्या विधींप्रमाणे चालवील. आज्ञा मोडायची मुभा म्हणून कृपेकडे पाहणाऱ्याला अजून कृपा कळलेली नाही, असे मला वाटते.

मी पुन्हा पुन्हा त्याच पापात पडतो. मी खरा विश्वासणारा नाही का?

हा प्रश्न तुम्हांला छळत असेल तर आधी हे पाहा की तो छळतो आहे. मेलेल्या मनाला आज्ञा टोचत नाही. हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरीत ११४व्या प्रश्नाचे उत्तर असे की अत्यंत पवित्र माणसांतही या आज्ञापालनाची केवळ लहानशी सुरुवात झालेली असते, तरी ते काही आज्ञांप्रमाणे नव्हे तर सर्व आज्ञांप्रमाणे जगू लागतात. पाप उघड कबूल करा, शक्य तिथे नुकसान भरून द्या, विश्वासू अशा एका माणसाला सांगा. आणि रोमकरांस ७ वर थांबू नका. ८वा अध्याय सुरू होतो तो ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही या शब्दांनी.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

निर्गम १९ आणि २० एका बैठकीत वाचा. मग अनुवाद ५ ते ८. त्यानंतर स्तोत्र १९, मत्तय ५ ते ७, गलती ३ ते ५, आणि शेवटी रोमकरांस ७ व ८. लेवीय त्यानंतर उघडा, आणि अध्याय १ ऐवजी १९ पासून; यज्ञांचे अध्याय इब्री ९ आणि १० शेजारी ठेवून वाचले तर जड जात नाहीत.